सणाच्या जेवणासाठी ब्रसेल्स स्प्राउट्स: बाहेरून खरपूस, आतून मऊ आणि कडवटपणा आवरलेले

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला आणि इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणाला ब्रसेल्स स्प्राउट्स (छोट्या कोबीसारख्या गड्ड्या) हटकून केले जातात, आणि तितक्याच हटकून बिघडतात. तक्रार साधारणपणे दोन प्रकारची असते. एक तर ते लिबलिबीत होऊन घरभर उग्र वास सुटतो, नाहीतर वरून काळे पडून आत कचकच लागतात. दोन्ही वेळी दोष ओव्हनला दिला जातो. प्रत्यक्षात चूक त्याआधीच, म्हणजे धुताना, चिरताना किंवा ट्रेवर पसरताना झालेली असते. त्यामुळे या लेखात पाककृतीपेक्षा तयारीला आणि कामांच्या क्रमाला अधिक जागा दिली आहे.

कारण थोडक्यात समजून घेतले की पुढच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात. ब्रसेल्स स्प्राउट्स, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही सारी एकाच वनस्पतीची निरनिराळी रूपे आहेत, आणि या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात. कडवटपणा बराचसा त्यांच्यामुळे येतो. भाजी पाण्यात किंवा स्वतःच्याच वाफेत फार वेळ शिजत राहिली की गंधकाचा वास वाढत जातो. उलट कोरड्या आणि कडक आचेवर ती लवकर शिजते, कापलेली बाजू तांबूस होते, गोडवा पुढे येतो आणि कडवटपणा मागे सरतो. म्हणजे पाणी घालवणे, गड्ड्यांना मोकळी जागा देणे आणि वेळेवर थांबणे, एवढ्या तीन गोष्टींवर सारा खेळ आहे.

## टप्पा १: खरेदी आणि साठवण

आठ माणसांच्या जेवणात इतर पाच-सहा पदार्थ असतील तर दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम स्प्राउट्स पुरतात. देठ आणि बाहेरची पाने काढल्यावर वजन घटते, हे त्यात धरलेले आहे.

गड्ड्या घट्ट, हाताला जड आणि गडद हिरव्या असाव्यात. पाने सुटी होऊ लागली असतील, पिवळी पडली असतील किंवा देठाचा काप तपकिरी आणि सुकलेला असेल तर माल जुना आहे, आणि जुन्या मालाचा वास कोणत्याही सॉसने झाकला जात नाही. साधारण एक ते सव्वा इंच व्यासाच्या गड्ड्या चांगल्या. त्याहून मोठ्या गड्ड्या वाईट असतात असे नाही, पण त्या लहानांच्या बरोबरीने शिजत नाहीत. म्हणून शक्यतो एकसारख्या आकाराच्या वेचून घ्याव्यात. पिशवीबंद मालात हे साधत नाही, त्यामुळे सुटा माल मिळत असेल तर तोच घ्यावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अनेक दुकानांत लांब दांड्याला लगडलेले स्प्राउट्स मिळतात. ते अधिक दिवस ताजे राहतात, मात्र दांडा फ्रिजमध्ये मावेल का, हे घेण्यापूर्वी पाहावे.

हंगामाचाही फरक पडतो. थंडीचा कडाका बसलेल्या पिकात साखरेचे प्रमाण वाढते, म्हणून या दोन महिन्यांतले स्प्राउट्स उन्हाळ्यातल्यांपेक्षा गोड लागतात.

घरी आणल्यावर ते न धुता, तोंड सैल ठेवलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. सणाच्या तीन-चार दिवस आधी आणून ठेवले तरी चालते. दहा दिवस आधी आणण्यात मात्र शहाणपण नाही.

तपासा: एक गड्डी मधोमध कापून पाहावी. आत फिकट पिवळसर, घट्ट थर दिसले पाहिजेत. आत काळे ठिपके किंवा पोकळी दिसली तर आणखी दोन-चार कापून पाहाव्यात. म्हणजे मेजवानीच्या दिवशी ऐनवेळी धावाधाव होणार नाही.

## टप्पा २: धुणे, चिरणे आणि कोरडे करणे

येथेच बहुतेकांचे चुकते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

क्रम असा ठेवावा: आधी धुणे, मग निथळणे आणि पुसणे, आणि चिरणे सर्वांत शेवटी. अनेकजण आधी चिरून मग धुतात. तसे केले की पाणी पानांच्या थरांमध्ये शिरते आणि कितीही पुसले तरी निघत नाही. ट्रेवर तेच पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि भाजण्याऐवजी उकडण्याची क्रिया सुरू होते. एखाद्या गड्डीत माती किंवा किडा दिसला तर तेवढी बाजूला काढून वेगळी धुवावी. तेवढ्यासाठी सगळी चिरलेली भाजी पाण्यात टाकू नये.

मोठ्या पातेल्यात गार पाणी घेऊन त्यात गड्ड्या पाच मिनिटे बुडवून ठेवाव्यात, हाताने ढवळाव्यात, आणि झाऱ्याने वर उचलून चाळणीत काढाव्यात. पातेले चाळणीत उपडे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवरच येते. पाणी निथळल्यावर जाड, कोरड्या पंचावर पसरून त्या चांगल्या पुसाव्यात आणि निदान अर्धा तास तशाच वाऱ्यावर ठेवाव्यात. सकाळी धुऊन दुपारपर्यंत पसरून ठेवता आल्या तर उत्तमच.

चिरताना देठाचा सुकलेला भाग अगदी पातळ, दोन-तीन मिलिमीटर एवढाच कापावा. देठ जास्त कापला की थर धरून ठेवणारा आधार जातो आणि ट्रेवर गड्डीऐवजी नुसता पानांचा पसारा होतो. मग पिवळी किंवा डागाळलेली बाहेरची पाने काढावीत आणि गड्डी देठापासून टोकापर्यंत उभी चिरावी. आडवी चिरू नये, कारण आडव्या चिरेने थर सुटे होतात. दीड इंचाहून मोठ्या गड्डीचे चार भाग करावेत, लहानांचे दोन, आणि बोराएवढ्या असतील त्या अखंड ठेवाव्यात.

चिरताना काही हिरवी, चांगली पाने आपोआप गळतात. ती टाकू नयेत. वेगळ्या वाटीत ठेवावीत. भाजल्यावर ती कुरकुरीत होतात आणि मुले आधी त्यांच्यावरच तुटून पडतात. पण ती गड्ड्यांच्या निम्म्याहून कमी वेळात भाजतात, म्हणून सुरुवातीपासून ट्रेवर घातली तर करपून कडू होतात.

देठावर सुरीने फुलीची खूण करण्याची इंग्लंडमधली रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. तिचा उपयोग काही नाही. त्या चिरेतून पाणी आत शिरते, बुडखा पचपचीत होतो आणि एकेका गड्डीवर वेळ जातो तो वेगळाच.

सावधान: चिरलेले स्प्राउट्स आदल्या दिवशी कोरड्या कागदी रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवता येतात; मात्र चिरल्यानंतर त्यांचा उग्रपणा हळूहळू वाढतो, म्हणून एका दिवसाहून अधिक ठेवू नयेत. मीठ लावून तर मुळीच ठेवू नयेत. मिठाने पाणी सुटते आणि केलेली सारी मेहनत वाया जाते.

## टप्पा ३: ओव्हनचे वेळापत्रक आधी ठरवणे

एरवीच्या दिवशी या टप्प्याची गरज नाही. सणाच्या दिवशी मात्र ओव्हन एक आणि उमेदवार अनेक, अशी स्थिती असते. टर्की साधारण ३२५ अंश फॅरनहाइटवर भाजली जाते, कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये एकाच भांड्यात शिजवलेला पदार्थ, ३५० वर गरम होतो आणि स्प्राउट्सना ४२५ अंश, म्हणजे सेल्सियसमध्ये २२० लागतात. ते टर्कीच्या सोबतीला मंद आचेवर ठेवून दिले तर तासाभराने काळपट हिरवा लगदा हाती येतो.

सुटका टर्कीनेच करून ठेवलेली आहे. ओव्हनमधून काढल्यावर ती कापण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास मुरू द्यायची असते. तेवढा वेळ ओव्हन मोकळा असतो आणि स्प्राउट्सना नेमका तेवढाच वेळ हवा असतो. जेवण चार वाजता असेल तर टर्की तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर यावी, लगेच आच ४२५ वर न्यावी, रिकामे ट्रे आत ठेवून तापू द्यावेत, साडेतीनच्या सुमारास स्प्राउट्स आत जावेत आणि चारला पाच-सात मिनिटे असताना बाहेर यावेत. ज्या घरात टर्की शिजत नाही तेथेही हेच सूत्र लागू करावे: मंद आचेचे पदार्थ आधी, स्प्राउट्स शेवटी. कॅसरोल त्याच वेळी आत ठेवणे भागच असेल तर ४०० अंशांवर तडजोड करून स्प्राउट्सना अर्धा तास द्यावा. खरपूसपणा थोडा कमी होईल, पण पदार्थ बिघडणार नाही.

पंख्याच्या, म्हणजे कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये आच २५ अंश फॅरनहाइटने किंवा २० अंश सेल्सियसने कमी ठेवावी. इंग्लंडमधल्या जुन्या गॅस ओव्हनवर ही आच ७ या आकड्याला मिळते.

## टप्पा ४: भाजणे

साहित्य, एका मोठ्या ट्रेसाठी: दीड पौंड, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम स्प्राउट्स, तीन टेबलस्पून तेल, पाऊण छोटा चमचा बारीक मीठ आणि ताजी भरडलेली मिरी. तेल ऑलिव्हचे चालते, कनोलाचे किंवा अव्होकाडोचेही चालते. नुसते लोणी घेऊ नये, कारण त्यातला दुधाचा अंश एवढ्या आचेवर करपतो. साजूक तूप मात्र छान चालते.

१. ओव्हन ४२५ अंशांवर तापत ठेवतानाच रिकामा, जाड पत्र्याचा ट्रे आत ठेवावा. अठरा बाय तेरा इंचांचा ट्रे दीड पौंडाला पुरतो. दोन पौंड असतील तर दोन ट्रे घ्यावेत.

२. मोठ्या भांड्यात स्प्राउट्सवर तेल घालून हाताने चोळावे. प्रत्येक कापलेली बाजू तेलाने चकचकीत दिसली पाहिजे. ट्रेवर पसरून वरून तेल ओतले तर निम्म्या गड्ड्या कोरड्या राहतात. मीठ आणि मिरी यानंतर, अगदी ओव्हनमध्ये घालण्याच्या क्षणी लावावी.

३. तापलेला ट्रे बाहेर काढून गड्ड्या त्यावर कापलेली बाजू खाली करून ठेवाव्यात. चर्र असा आवाज आला पाहिजे. शंभरेक तुकडे एकेक करून पालथे घालणे कंटाळवाणे असते, हे मान्य. चिमट्याने दोन मिनिटांत होते, आणि या पदार्थात इतक्या थोड्या कष्टांत इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

४. दोन गड्ड्यांमध्ये बोटभर जागा राहावी. एकावर एक पडल्या किंवा एकमेकींना चिकटून बसल्या तर त्यांची वाफ अडकते.

५. ट्रे ओव्हनच्या खालच्या एक-तृतीयांश भागातल्या जाळीवर ठेवून १५ मिनिटे हात लावू नये. सारखे दार उघडून हलवत राहिल्याने तांबूस रंग धरत नाही आणि ओव्हनची आच उतरते.

६. पंधरा मिनिटांनी एक गड्डी उलटून पाहावी. कापलेली बाजू गडद तांबूस असेल तर सुटी पाने ट्रेवर भुरभुरावीत, हलक्या हाताने एकदा परतावे आणि आणखी ५ ते ८ मिनिटे ठेवावे. दोन ट्रे असतील तर याच वेळी वरचा खाली आणि खालचा वर करावा.

तपासा: सुरीचे टोक देठाच्या बाजूने सहज आत जावे, पण गड्डी सुरीवर उचलली तर ती सुटून पडू नये. रंग तांबूस आहे आणि देठ कडक आहे, असे झाले तर आच ३७५ वर उतरवून पाच मिनिटे द्यावीत. देठ मऊ आहे आणि रंग नाही, तर ट्रेवर गर्दी झाली होती किंवा ओलावा राहिला होता, असे समजावे. अशा वेळी निम्म्या गड्ड्या दुसऱ्या ट्रेवर हलवून आच ४५० करावी.

सावधान: रंग आणण्यासाठी अनेकजण वरची आच, म्हणजे ब्रॉयलर लावतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. ब्रॉयलरखाली खरपूस आणि कोळसा यांत जेमतेम एका मिनिटाचे अंतर असते. लावलाच तर समोरून हलू नये, आणि धुराच्या भोंग्याने पाहुण्यांचे स्वागत व्हायला नको असेल तर चिमणी आधीच चालू करावी.

गोठवलेले स्प्राउट्स वापरायचे असतील तर ते वितळू न देता थेट ४५० अंशांच्या तापलेल्या ट्रेवर घालावेत. कारखान्यात ते आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे ताज्यांइतका खरपूसपणा येत नाही. एअर फ्रायरमध्ये ३७५ अंशांवर १२ ते १५ मिनिटे, मध्ये एक-दोनदा हलवून, उत्तम होतात, पण एका वेळी चार माणसांपुरतेच. सुटी पाने त्यात घालू नयेत. ती वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटतात.

## टप्पा ५: चव चढवणे, तीही बाहेर काढल्यावर

मेपल सिरप, मध, बाल्सामिक व्हिनेगर, लिंबू, लसूण, चीज यांपैकी काहीही कच्च्या स्प्राउट्सना लावून भाजायला घालू नये. साखर असलेले सारे पदार्थ एवढ्या आचेवर वीस मिनिटांत करपतात, आंबटपणाने हिरवा रंग मरतो, आणि बारीक चिरलेला लसूण काळा पडून भाजीहून कडू होतो. लसूण हवाच असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत घालावा, किंवा सालीसकट अख्ख्या पाकळ्या ट्रेवर ठेवून मग त्यांचा मऊ गर काढून मिसळावा.

कडवटपणाला मीठ, स्निग्धता, गोड आणि आंबट यांचा उतारा लागतो. चौघांपैकी आंबटच बहुधा विसरले जाते आणि मग नुसते सिरप वाढवत नेल्याने पदार्थ गुळमट होतो. माझ्या मते सणाच्या ताटासाठी सर्वांत भरवशाची जोडणी अशी: दीड पौंड भाजलेल्या स्प्राउट्सना एक टेबलस्पून मेपल सिरप, एक टेबलस्पून बाल्सामिक व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट, म्हणजे डिझॉन मस्टर्ड, एकत्र करून चोळावे, वरून मूठभर भाजलेले पिकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि दोन टेबलस्पून सुक्या क्रॅनबेरी घालाव्यात. क्रॅनबेरी बहुधा साखरेत घोळलेल्या असतात, हे लक्षात घेऊन सिरपचा हात आखडता ठेवावा. पिकन ३५० अंशांवर सात-आठ मिनिटे भाजून सकाळीच तयार ठेवावेत; स्प्राउट्सबरोबर भाजायला घातले तर ते आधी जळतात.

गोड नको असणाऱ्यांसाठी लिंबाची किसलेली साल, लिंबाचा रस, लाल मिरचीच्या फोडी आणि भाजलेल्या बदामाचे काप पुरेसे आहेत. ताटात ग्रेव्ही, लोणी घातलेला बटाटा आणि स्टफिंग असे जड पदार्थ असतात, त्यांच्याशेजारी हीच जोडणी अधिक शोभते.

## ओव्हन मिळणारच नसेल तर

### चेस्टनटबरोबर, कढईत

नाताळच्या इंग्रजी जेवणातला हा नेहमीचा प्रकार आहे आणि याचा मोठा फायदा असा, की निम्मे काम आदल्या दिवशी होते. भरपूर खारट पाणी खळखळ उकळावे आणि अर्ध्या केलेल्या ५०० ग्रॅम स्प्राउट्स त्यात फक्त तीन मिनिटे ठेवाव्यात. झाकण ठेवू नये, कारण वाफेबरोबर निघून जाणारी आम्ले झाकणाखाली अडकून परत पाण्यात पडतात आणि रंग मळकट होतो. लगेच बर्फाच्या पाण्यात काढून गार कराव्यात, निथळून पंचावर पूर्ण कोरड्या कराव्यात आणि फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी रुंद कढईत एक टेबलस्पून तेल चांगले तापवून स्प्राउट्स कापलेली बाजू खाली करून तीन-चार मिनिटे न हलवता ठेवाव्यात. रंग आला की ३० ग्रॅम लोणी आणि हवाबंद पाकिटातले शिजवलेले चेस्टनट, साधारण १८० ग्रॅम, अर्धे तुकडे करून घालावेत, दोन-तीन मिनिटे परतावे, वरून किंचित जायफळ किसावे आणि लिंबू पिळावे. लोणी शेवटी आहे, ते शेवटीच घालावे. बिडाची कढई असेल तर रंग झकास येतो.

सावधान: तीन मिनिटांचा अर्थ तीनच मिनिटे. आठ-दहा मिनिटे उकळत ठेवलेल्या स्प्राउट्सना पुढे कितीही लोणी लावले तरी वास जात नाही.

### बारीक चिरून परतलेले

सात-आठ मिनिटांत होणारा हा प्रकार नवशिक्यांसाठी मी सर्वांत आधी सुचवेन, कारण यात आतून कच्चे राहण्याचा प्रश्नच येत नाही. एक पौंड स्प्राउट्स पातळ, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांत चिरावेत. फूड प्रोसेसरची काप करणारी चकती वापरली तरी चालते. भरडणारे पाते वापरू नये, त्याने चुरा होऊन पाणी सुटते. मोठ्या कढईत दोन टेबलस्पून तेल कडक तापवून भाजी दोन भागांत परतावी. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, चार-पाच मिनिटे. कडा तांबूस आणि मध्यभाग अजून हिरवा असताना गॅस बंद करून मीठ आणि लिंबू घालावे.

कोबीची भाजी करणाऱ्या हाताला हे सांगावे लागत नाही, मात्र नेमकी तीच सवय येथे घात करते: झाकण ठेवून वाफ काढण्याची. येथे वाफ नकोच. फोडणी द्यायची असेल तर मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि हिरवी मिरची एवढीच द्यावी, वर ओले खोबरे घालावे आणि हळद टाळावी. गोडा मसाला घातलेली भाजी स्वतंत्रपणे चांगली लागते, पण क्रॅनबेरी सॉस आणि ग्रेव्हीच्या ताटात ती सर्वांशी भांडते.

### कच्चे, पचडीसारखे

असेच बारीक चिरलेले स्प्राउट्स मीठ आणि लिंबाचा रस लावून, हाताने दोन मिनिटे चुरडून, वीस मिनिटे ठेवले की मऊ पडतात आणि उग्रपणा बराच कमी होतो. मग त्यात सफरचंदाच्या किंवा नासपतीच्या पातळ फोडी, ऑलिव्ह तेल आणि अक्रोड घालावेत. किंवा सरळ दाण्याचे कूट, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. थंड पदार्थ म्हणून तेही त्या ताटात सामावते. चुरडण्याची पायरी मात्र वगळू नये, एरवी चावून चावून जबडा दुखतो.

## दुसऱ्याच्या घरी न्यायचे असेल तर

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भाजलेले स्प्राउट्स नेण्याचे अनेक घरांत ठरते आणि तेथे ते मऊ होऊनच पोहोचतात, कारण गरम असतानाच ते डब्यात भरून वर फॉइल घट्ट बसवलेली असते. न्यायचेच असतील तर भाजण्याचा वेळ चार मिनिटांनी कमी करावा, ट्रेवर पूर्ण गार होऊ द्यावेत, रुंद भांड्यात सैल झाकून न्यावेत आणि सॉस व सुकामेवा वेगळ्या डब्यांत ठेवावेत. तेथे ४५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटे देऊन मग सॉस चोळावा. यजमानांचा ओव्हन मोकळा असेल का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. नसेल तर कच्चा प्रकार न्यावा. तो प्रवासात बिघडत नाही, उलट मुरतो.

## पाहुण्यांच्या बाबतीत चार तपासण्या

बेकनसह केलेले स्प्राउट्स अमेरिकी ताटात लोकप्रिय आहेत. पंगतीत शाकाहारी कोणी असेल तर बेकन वेगळ्या ट्रेवर भाजून वेगळ्या वाटीत ठेवावे आणि त्याची चरबी भाजीच्या ट्रेवर वापरू नये.

खऱ्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट, म्हणजे दूध फाटवणारे द्रव्य, असते, आणि वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासा असतो. दोन्ही पदार्थ तयार पाककृतींत सहज येतात. शाकाहारींसाठी पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असलेले चीज घ्यावे.

पिकन, अक्रोड, बदाम, चेस्टनट आणि दाण्याचे कूट यांची ॲलर्जी असणारे असू शकतात, म्हणून ते वरून घालण्यासाठी वेगळे ठेवणे बरे.

वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणारे वडीलधारे जेवायला असतील तर स्प्राउट्समध्ये व्हिटॅमिन के भरपूर असते, हे त्यांना आधी सांगावे. नेहमीच्या आहारापेक्षा एकदम जास्त खाण्याने औषधाच्या परिणामात फरक पडू शकतो. किती खावे हे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरू द्यावे.

## वाढणे आणि उरलेले

वाढण्याचे भांडे उथळ आणि रुंद असावे आणि ते आधी गरम पाण्याने तापवून पुसून घ्यावे. खोल भांड्यात ढीग केला की खालचे स्प्राउट्स वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतात. झाकण ठेवू नये. सॉस वाढण्याच्या क्षणी चोळावा आणि कुरकुरीत पाने सर्वांत वर ठेवावीत.

उरलेले स्प्राउट्स टेबलावर दोन तासांहून अधिक राहू न देता फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर वास पुन्हा वर येतो, म्हणून तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात परतावेत. उकडलेला बटाटा आणि कांदा बरोबर घेऊन तव्यावर दाबून खरपूस केले आणि वर अंडे फोडले, तर दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला दुसरे काही करावे लागत नाही.